परवडणारी विद्युत मोटार : खरेदी, चार्जिंग आणि मालकी यांचे अर्थकारण

प्रस्तावना

मोटार ही एकेकाळी श्रीमंतीची खूण मानली जात असे. गेल्या तीन दशकांत ती मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गरजांच्या यादीत येऊन बसली. आता या गरजेपुढे पेट्रोल की वीज, असा नवा प्रश्न उभा राहिला आहे. शासनाचे धोरण विजेच्या बाजूने आहे, जाहिराती विजेच्या बाजूने आहेत आणि पेट्रोलचा दरही विजेकडेच बोट दाखवतो. असे असूनही दहा लाखांच्या आतबाहेरची विद्युत मोटार घेताना नोकरदार माणूस थबकतो. हे थबकणे केवळ नव्या गोष्टीविषयीच्या भीतीमुळे नसते. त्यामागे काही खरी आकडेमोड असते, मात्र ती बहुधा अर्धवट राहते.

प्रस्तुत लेखात ही आकडेमोड पूर्ण करण्याचा प्रयत्न केला आहे. 'परवडणे' हा गुण एकट्या मोटारीच्या अंगी नसतो. मोटारीची किंमत, ती रात्री उभी करण्याची जागा आणि महिन्याला कापले जाणारे अंतर या तिन्हींच्या मेळातून तो निर्माण होतो, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्यांसाठी विद्युत मोटार बनवण्याचा उल्लेखनीय प्रयत्न बंगळुरू येथे झाला. २००१ मध्ये तेथून 'रेवा' ही छोटी मोटार बाजारात आली. तिच्यात शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी होती आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर जाण्याचा तिचा दावा होता. लंडनमध्ये ती 'जी-विझ' या नावाने विकली गेली. भारतात मात्र तिला मोठा ग्राहकवर्ग मिळाला नाही. २०१० मध्ये महिंद्र समूहाने या कंपनीतील बहुसंख्य भागभांडवल घेतले आणि २०१३ मध्ये लिथियम बॅटरी असलेली 'ई-टू-ओ' आणली. तीही मर्यादितच खपली.

चित्र बदलले ते लिथियम-आयन बॅटरीच्या किमती उतरल्यामुळे. विद्युत मोटारीच्या एकूण किमतीत बॅटरीचा वाटा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे बॅटरी स्वस्त होताच मोटारही आवाक्यात येऊ लागली. जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही सुमारे चौदा लाखांपासून उपलब्ध झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच कंपनीने टियागो ईव्ही ८.४९ लाख रुपयांच्या प्रारंभिक किमतीला जाहीर केली, तर २०२३ मध्ये एमजी कंपनीची दोन दरवाजांची 'कॉमेट' ७.९८ लाखांना आली. 'परवडणारी विद्युत मोटार' हा शब्दप्रयोग खऱ्या अर्थाने येथून रूढ झाला.

२. खरेदीची किंमत आणि शासनाचा हात

विद्युत वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. त्याच सुमारास 'फेम' योजनेचा दुसरा टप्पाही सुरू झाला होता. या योजनेचे चारचाकीसाठीचे अनुदान व्यावसायिक वापराच्या वाहनांपुरते होते, खासगी मोटारीला त्याचा लाभ नव्हता, ही बाब अनेकदा लक्षात घेतली जात नाही. खासगी ग्राहकाला मिळालेली मोठी प्राप्तिकर सवलत कर्जाच्या व्याजावर होती. कलम ८० ईईबीनुसार वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळे. मात्र ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. आज नवे कर्ज घेणाऱ्याने ही सवलत हिशेबात धरू नये.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास राज्याचे २०२५ चे विद्युत वाहन धोरण महत्त्वाचे ठरते. ते मार्च २०३० पर्यंत लागू असून त्यात विद्युत वाहनांना मोटार वाहन करातून सूट आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर राज्यात ११ टक्के कर आकारला जात आला आहे, हे ध्यानात घेतल्यास ही सूट किती मोलाची आहे ते कळते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथील पथकरातूनही विद्युत मोटारींना सूट देण्यात आली आहे. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात २०२२ पासून १५ टक्के सवलत आहे.

या सर्व सवलतींच्या उलट दिशेने जाणारी एक घटनाही नोंदवली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील करभार सुमारे २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विद्युत मोटारींचा कर ५ टक्केच राहिला. म्हणजे विद्युत मोटार महाग झाली नाही, पण तिची प्रतिस्पर्धी स्वस्त झाली. त्यामुळे २०२५ पूर्वी कोणी केलेला तुलनात्मक हिशेब आज जसाच्या तसा वापरता येत नाही.

३. चार्जिंग : घरची वीज आणि बाहेरची वीज

विद्युत मोटारीची बॅटरी किलोवॉट-तासांत मोजतात. वीजबिलातील एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास. २४ किलोवॉट-तासांची बॅटरी म्हणजे चोवीस युनिटांची टाकी, असे सोप्या भाषेत म्हणता येईल.

ही टाकी भरण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली पद्धत घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटची. गिझर किंवा वातानुकूलन यंत्रासाठी वापरतो तसाच हा सॉकेट असतो. त्यातून सुमारे तीन किलोवॉट शक्ती मिळते आणि २४ युनिटांची बॅटरी भरण्यास साधारण आठ ते नऊ तास लागतात. दुसरी पद्धत भिंतीवर बसवायच्या सात किलोवॉटच्या चार्जरची. मोटारीत तशी सोय असल्यास हेच काम सुमारे चार तासांत होते. तिसरी पद्धत महामार्गावरील जलद चार्जिंगची. तेथे थेट प्रवाह बॅटरीत सोडला जातो आणि छोटी मोटार १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत साधारण तासाभरात भरते. काही स्वस्त प्रतिकृतींमध्ये या जलद चार्जिंगची सोय नसते. कॉमेट ही मोटार याचे उदाहरण आहे. गावाबाहेर जाण्याचा विचार असणाऱ्याने ही बाब खरेदीपूर्वीच तपासावी.

घरच्या सॉकेटबाबत तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, अर्थिंग. जुन्या वाड्यांमध्ये आणि चाळींमध्ये ते नसते किंवा नावापुरतेच असते. अर्थिंग सदोष असल्यास चार्जर सुरक्षिततेसाठी काम करण्याचे नाकारतो आणि दोष मात्र मोटारीला दिला जातो. दुसरी, मीटरपासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची वायर आणि स्वतंत्र एमसीबी. कित्येक तास सलग पूर्ण भार वाहणाऱ्या सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड जोडणे धोक्याचे आहे. तिसरी, मंजूर भार. घराचा मंजूर भार दोन-तीन किलोवॉटच असेल तर तो वाढवून घ्यावा लागतो.

स्वतःच्या घरी स्वतःच्या मीटरवर मोटार चार्ज करण्यास कोणताही परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरात किंवा कार्यालयात विद्यमान वीजजोडणीवरून चार्जिंग करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला.

दराच्या बाबतीत मात्र सावध असले पाहिजे. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात. शंभर युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढे तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा आणि त्याहून अधिक वापरास चौथा. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या छोट्या विद्युत मोटारीस, चार्जिंगमधील घट धरून, साधारण १४० युनिटे लागतात. ज्या घराचा वापर मुळात १५० युनिटे आहे, त्याचा एकूण वापर २९० होतो आणि तो दुसऱ्या टप्प्यातच राहतो. पण ज्या घराचा वापर २५० आहे, त्याच्या नव्वद युनिटांना तिसऱ्या टप्प्याचा दर लागतो. म्हणजे एकाच गावात, एकाच प्रकारच्या मोटारीचा प्रतिकिलोमीटर खर्च शेजारच्या दोन घरांत वेगळा येऊ शकतो. राज्यात २०१८ पासून चार्जिंग केंद्रांसाठी वेगळी दरवर्गवारी आहे. त्यामुळे अधिक वीज वापरणाऱ्या कुटुंबाने आणि गृहनिर्माण संस्थेने दोन्ही दर ताडून पाहूनच स्वतंत्र जोडणीचा निर्णय घ्यावा.

४. खर्चाची तुलना

पुढील हिशेब काही गृहीतकांवर आधारलेला आहे. पेट्रोल मोटार लिटरला १८ किलोमीटर चालते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे, असे धरल्यास इंधनखर्च किलोमीटरला ५.७८ रुपये येतो. विद्युत मोटारीला किलोमीटरमागे मीटरवर ०.१४ युनिट लागते असे धरले आहे. दोन्ही मोटारींच्या ऑन-रोड किमतीतील फरक अडीच लाख रुपये मानला आहे. वाचकाने स्वतःचे आकडे घालून हा हिशेब पुन्हा करावा.

तक्ता क्र. १ : विजेचा दर आणि फरकाची भरपाई

युनिटचा दर ८ रुपये : प्रतिकिलोमीटर खर्च १.१२ रुपये, बचत ४.६६ रुपये, भरपाई सुमारे ५४ हजार किलोमीटरनंतर.
युनिटचा दर १२ रुपये : खर्च १.६८ रुपये, बचत ४.१० रुपये, भरपाई सुमारे ६१ हजार किलोमीटरनंतर.
युनिटचा दर १६ रुपये : खर्च २.२४ रुपये, बचत ३.५४ रुपये, भरपाई सुमारे ७१ हजार किलोमीटरनंतर.
युनिटचा दर २२ रुपये (बाहेरचे जलद चार्जिंग) : खर्च ३.०८ रुपये, बचत २.७० रुपये, भरपाई सुमारे ९३ हजार किलोमीटरनंतर.

या तक्त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, वीज महागातली असली तरी ती पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडते. दुसरी अशी की, ही स्वस्ताई हाती पडण्यास अंतर कापावे लागते. बारा रुपये दराने महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्याची भरपाई पाच वर्षांत होते. महिन्याला चारशे किलोमीटरच चालणाऱ्यास त्यासाठी साडेबारा वर्षे थांबावे लागेल.

बहुतेक नोकरदार मोटार कर्जाने घेतात. म्हणून हप्त्याचा विचार अधिक वास्तववादी ठरतो. अडीच लाखांचे अधिकचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ५,१९० रुपयांनी वाढतो. बारा रुपये दराने किलोमीटरला ४.१० रुपये वाचत असतील, तर हा जादा हप्ता भागवण्यास महिन्याला सुमारे १,२७० किलोमीटर मोटार चालली पाहिजे. घरापासून पंचवीस किलोमीटरवरील महाविद्यालयात रोज ये-जा करणाऱ्या प्राध्यापकाचे महिन्याच्या चोवीस कामाच्या दिवसांत बाराशे किलोमीटर होतात. घरची इतर कामे धरल्यास तो या सीमारेषेवर पोहोचतो. महाविद्यालयाजवळच राहणारा त्याचा सहकारी मात्र तिच्यापासून फार दूर असतो. त्याच्या दृष्टीने वापरातली जुनी पेट्रोल मोटार आणखी काही वर्षे चालवणे हाच किफायतशीर मार्ग असू शकतो.

देखभालीचा खर्च या तक्त्यात धरलेला नाही. विद्युत मोटारीत इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच या गोष्टी नसतात. वेग कमी करताना मोटरच जनित्राचे काम करत असल्याने ब्रेकही कमी झिजतात. दुसऱ्या बाजूला अधिक किमतीमुळे स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता वाढतो आणि जड वजनामुळे टायर लवकर झिजू शकतात.

बॅटरी भाड्याने घेण्याची पद्धत सप्टेंबर २०२४ पासून भारतात मोटारींसाठी उपलब्ध झाली. तेव्हा कॉमेट ४.९९ लाख रुपये अधिक किलोमीटरला अडीच रुपये बॅटरीभाडे अशा स्वरूपात देऊ करण्यात आली. यात सुरुवातीचा बोजा हलका होतो. परंतु विजेचे पावणेदोन रुपये आणि भाड्याचे अडीच रुपये मिळून किलोमीटरला सव्वाचार रुपये होतात. बचत दीड रुपयावर येते. शिवाय अशा करारात किमान मासिक अंतराचे भाडे द्यावे लागण्याची अट असू शकते. कमी चालवणाऱ्यासाठी ही पद्धत सोयीची वाटते, पण ती अट त्यालाच सर्वाधिक जाचते.

५. मालकी : पल्ला, बॅटरी आणि पुनर्विक्री

मोटारीचा जाहीर केलेला पल्ला प्रयोगशाळेतील प्रमाणित चाचणीतून येतो. प्रत्यक्ष रस्त्यावर वातानुकूलन, वेग, चढ आणि वाहतुकीची कोंडी यांमुळे तो घटतो. २४ युनिटांच्या छोट्या मोटारीसाठी दोनशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला धरून चालणे व्यवहार्य आहे.

चढाचा परिणाम किती, हे बोरघाटाच्या उदाहरणाने समजू शकते. खोपोली ते लोणावळा या टप्प्यात रस्ता साधारण साडेपाचशे मीटर उंची गाठतो. माणसांसह दीड टन वजनाची मोटार तेवढी वर चढवण्यास सव्वादोन युनिटे ऊर्जा लागते. म्हणजे २४ युनिटांच्या बॅटरीचा जवळजवळ दहावा हिस्सा केवळ उंची गाठण्यात खर्च होतो. उतरताना यातील काही ऊर्जा बॅटरीत परत येते. मुंबईहून पुण्याला जाताना आणि पुण्याहून मुंबईला येताना बॅटरी वेगवेगळी का उतरते, याचे उत्तर येथे आहे.

बॅटरीवर बहुतेक उत्पादक आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी देतात. आपल्याकडील अनेक स्वस्त मोटारींत लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. ती तुलनेने टिकाऊ आणि उष्णतेत अधिक स्थिर असते. तरीही नित्य जलद चार्जिंग आणि कडक उन्हात पूर्ण भरलेली मोटार दिवसेंदिवस उभी ठेवणे टाळावे. रोजच्या वापरासाठी रात्रीचे संथ चार्जिंगच बॅटरीला मानवते.

पुनर्विक्रीचा बाजार अजून घडत आहे. वापरलेली विद्युत मोटार घेताना किलोमीटरच्या आकड्याइतकेच बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेला महत्त्व असते. अधिकृत सेवा केंद्राकडून तिचा लेखी अहवाल घ्यावा आणि हमी नव्या मालकाकडे कोणत्या अटींवर हस्तांतरित होते, हे पाहावे. डिसेंबर २०२४ मधील वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीनुसार नोंदणीकृत विक्रेत्याने विकलेल्या जुन्या विद्युत मोटारीवर त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर लागतो. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहारास हा कर नाही.

६. जागेचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन एका प्रश्नाशी येऊन थांबते. रात्री मोटार कोठे उभी राहते? स्वतःचे अंगण असलेल्याला सॉकेट बसवणे काही हजारांचे काम आहे. त्याला घराचे छप्पर असल्यास सौर ऊर्जेचाही मार्ग खुला असतो. एक किलोवॉटचे सौर पॅनेल महाराष्ट्रात दिवसाला साधारण चार युनिटे देते. महिन्याच्या १४० युनिटांसाठी सव्वा किलोवॉटच्या आसपासचे पॅनेल पुरते. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे.

सदनिकेत राहणाऱ्याची परिस्थिती वेगळी आहे. पार्किंगची जागा ठरलेली नसेल, मीटर दूर असेल किंवा संस्था ना हरकत प्रमाणपत्र देत नसेल, तर तो बाहेरच्या चार्जिंगवर अवलंबून राहतो. महिन्याला हजार किलोमीटरसाठी त्याला छोट्या मोटारीत नऊ-दहा वेळा जलद चार्जिंग केंद्रावर जावे लागेल, प्रत्येक वेळी तासभर थांबावे लागेल आणि सर्वांत महाग दर मोजावा लागेल. देशातील सार्वजनिक चार्जिंग केंद्रांची संख्या २०२४ च्या अखेरीस २५ हजारांवर गेली होती. तरी केंद्रांची संख्या वाढल्याने हा फरक मिटत नाही. २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत सुधारणा होऊन नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी २० टक्के जागा चार्जिंगयोग्य असाव्यात, अशी शिफारस झाली. जुन्या इमारतींचा प्रश्न मात्र संस्थांच्या सर्वसाधारण सभांवर सोपवलेला आहे.

यातून एक सामाजिक विसंगती दिसते. करातील सवलत सर्वांना सारखी मिळते, पण तिचा खरा लाभ ज्याच्याकडे आधीच जागा आहे त्यालाच होतो. स्वस्त मोटार ज्याच्यासाठी बनवली, तो भाड्याच्या घरात किंवा लहान सदनिकेत राहतो आणि नेमका तोच या लाभापासून दूर राहतो.

समारोप

विद्युत मोटार परवडते का, या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही. घरी सुरक्षित चार्जिंगची सोय आणि महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरचा ठरावीक प्रवास असल्यास ती परवडते. यांपैकी एक गोष्ट नसल्यास हिशेब काठावर येतो आणि दोन्ही नसल्यास तो फसतो. म्हणून खरेदीची सुरुवात शोरूमपासून न करता पार्किंगच्या जागेपासून आणि मागील वर्षभरातील किलोमीटरच्या नोंदीपासून करणे इष्ट ठरते.

जागेच्या प्रश्नावर महाविद्यालयांसारख्या संस्थांना काही करता येण्याजोगे आहे. प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांच्या मोटारी दिवसाचे पाच-सहा तास आवारात उभ्या असतात. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तेवढ्या वेळात पंधरा युनिटे, म्हणजे शंभर किलोमीटरची ऊर्जा भरता येते. अशा दहा सॉकेटांना सुमारे ३३ किलोवॉट भार लागतो. तो मंजूर भारात बसतो का, हे तपासून, स्वतंत्र मीटर लावून आणि प्रत्येकाकडून वापराचे शुल्क घेऊन ही सोय उभी करता येईल. छतावर सौर संच असलेल्या महाविद्यालयात तर चार्जिंगची वेळ आणि उन्हाची वेळ एकच असते. घरी सॉकेट नसलेल्या एखाद्या सहकाऱ्यासाठी हा एक सॉकेटच 'परवडणे' आणि 'न परवडणे' यांतील अंतर पार करणारा ठरू शकतो.